लिलावातला रोस्ट

"भोपळा गेला! शेलार गुरुजींच्या घरी गेला! गुरुजी, टांगा करा, सायकलवर मावायचा नाही!"

बर्नबासकाकांच्या या वाक्यावर सगळं चर्च खदखदून हसलं. काका एसटीत कंडक्टर होते. भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज वर्षातून एकदा कापणीच्या सणाला देवाच्या कामी येई. नगरच्या आमच्या चर्चमध्ये हा सण नोव्हेंबरात व्हायचा. ज्याच्या शेतात, परसात, नाहीतर चुलीवर जे काही झालं असेल ते लोक देवासाठी आणून वेदीपुढे मांडत आणि उपासना आटोपली की त्याचा लिलाव होई. पैसे चर्चला जात. पपया, बाजरीची पोती, लोणच्याच्या बरण्या, विणलेले स्वेटर, जिवंत कोंबड्या. त्या वर्षी एका कोंबडीनं प्रवचनात इतक्यांदा तोंड घातलं, की ती विकली गेली तेव्हा सगळ्यांत मोठ्या टाळ्या पाळकसाहेबांनी वाजवल्या.

मी नवी नवरी, मिरजेची. नगरचा हा सण मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला फार मजा येत होती. मांडीवर सासूबाईंचं पाकीट होतं. त्या गायनमंडळात पुढे उभ्या असल्यामुळे ते माझ्याकडे दिलं होतं, आणि देताना "नीट सांभाळ, पगारापर्यंतचा बाजार आहे त्यात," असं बजावलंही होतं.

मग सासूबाईंचा रोस्ट आला.

तो रोस्ट म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. सासूबाईंचे वडील मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते. बोकडाचं अख्खं रान, म्हणजे मागची सबंध तंगडी, व्हिनेगर, लसूण, मिरी आणि दालचिनीत रात्रभर मुरवायचं, मग जाड बुडाच्या पातेल्यात खाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून तासन्तास शिजवायचं, ही विद्या त्यांनी आपल्या लेकीला दिली होती. दर कापणीला सासूबाई एक रान चर्चला देत. त्या दिवशी पांढऱ्या थाळीत ते तपकिरी, चकाकणारं धूड वेदीपुढे आलं आणि वासानं पुढच्या चार बाकांवरची मुलं उभीच राहिली.

"सगुणाबाई ओहोळ यांच्या घरचा रोस्ट," बर्नबासकाका म्हणाले. एवढंच. ना विनोद, ना आरोळी. आवाजसुद्धा त्यांनी खाली आणला.

कोणी बोली लावली नाही.

मी मागे वळून पाहिलं. भोपळ्यासाठी भांडणारी माणसं आता गीतांच्या पुस्तकांत डोकं घालून बसली होती. कोणी चष्मा पुसत होतं. पहिल्या बाकावर पांढऱ्या केसांच्या डॉक्टर आढावबाई मान खाली घालून प्रार्थनेत बुडाल्या होत्या. बर्नबासकाका थाळी धरून उभे, पाळकसाहेब छताकडे बघतायत, आणि गायनमंडळात माझ्या सासूबाई ओठ घट्ट मिटून, नजर जमिनीला लावून उभ्या. दोन दिवस ही बाई त्या रानापाशी बसून होती आणि अख्ख्या चर्चमध्ये त्याला एक गिऱ्हाईक मिळू नये?

बरं, सासूबाईंचं आणि माझं गूळपीठ होतं म्हणून मला कळवळा आला, असंही नव्हतं. लग्न होऊन अडीच महिने झाले होते आणि त्यांनी मला चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. मी भाकरीच्या पिठाला हात लावला, की "राहू दे, तू अजून पाहुणी." भाजी ढवळायला गेले, की "बस जा बाहेर, धूर लागेल." लसूण सोलण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. खरं कारण मला ठाऊक होतं. माझी आई मिरजेत मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकीण होती. आणि बोर्डिंगचा स्वयंपाक म्हणजे काय, हे सासूबाई शेजारणीला सांगत असताना मी ऐकलं होतं: "पाण्यात बुडालेला बटाटा. शोधून काढावा लागतो." मला फार लागलं होतं ते. सासरी सगळे चांगले होते, पण आयतं ताट पुढ्यात घ्यायचं आणि उठायचं, हे ज्या घरात अडीच महिने चालतं ते घर आपलं वाटत नाही. रात्री मी नवऱ्याला म्हणायची, "अहो, मला इथं धर्मशाळेत उतरल्यासारखं वाटतं."

पण ते सगळं त्या क्षणी बाजूला पडलं. आमच्या घरची अब्रू थाळीत पडून होती आणि कोणी उचलत नव्हतं. मी हात वर केला.

"मी घेते!" म्हणाले आणि पाकिटात जेवढे होते तेवढ्यांचा आकडा सांगून मोकळी झाले. रोस्टची किंमत कमी व्हायला नको, म्हणून.

चर्चमध्ये एकदम 'स्स' झालं. बर्नबासकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग पहिल्या बाकाकडे, मग पाळकसाहेबांकडे. चारचौघांसमोर लागलेली बोली मोडता येत नाही. "दिला," ते इतक्या हळू म्हणाले, की एसटीत असते तर ड्रायव्हरनं गाडीच सोडली नसती.

मला वाटलं, सासूबाईंचे डोळे भरून येतील. ते भरले नाहीत, वटारले गेले.

* * *

"स्वतःचाच रोस्ट स्वतःच विकत घेणारं घर नगर जिल्ह्यात दुसरं नसेल," घरी आल्यावर सासूबाईंनी पातेलं ओट्यावर आपटलं.

"पण माल खात्रीचा आहे," आमचे सासरे, नाना, खुर्चीतून म्हणाले. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते आणि घरातल्या कुठल्याही वादळात खुर्ची सोडत नसत.

"तुम्ही गप्प बसा. हन्ना, इकडे ये." सासूबाईंनी पाकीट उघडून उलटं केलं. त्यातून गायनमंडळाची पेन्सिल पडली. "बघितलंस? तुझ्या नवऱ्याचा पगार व्हायचाय पुढच्या शनिवारी. उसनं मी मागत नाही, आजवर मागितलं नाही. पीठ, डाळ, तांदूळ, कांदे-बटाटे घरात आहेत तेवढे आहेत. बाकी हे रान. तूच घेतलंस, तूच पुरव."

"म्हणजे... मी करू स्वयंपाक?"

"कर. शनिवारपर्यंत रोज ताटात पुरलं पाहिजे, पाचही जणांना. पुरलं तर स्वयंपाकघर तुझं. मधेच संपलं, तर पुन्हा ओट्याकडे यायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी मान खाली घालून म्हणाले. चेहरा जमेल तितका पडलेला ठेवला होता. मनात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. बाईंना काय ठाऊक! माझ्या आईनं हॉस्टेलभर मुलींना एवढ्याशा मटणावर आठवडा काढून दाखवला होता, आणि त्या आईच्या हाताखाली मी वाढले होते. पोहणाऱ्याला विहिरीत ढकलल्यासारखंच झालं हे.

एकच गोष्ट खुपत होती. मी नवऱ्याला कोपऱ्यात गाठलं. "अहो, चर्चमध्ये लोक माझ्याकडे असे का बघत होते? मी काय वाईट केलं?"

रत्नाकरनी शर्टाचं बटण लावायला घेतलं. ते आधीच लावलेलं होतं. "आईला विचार," ते म्हणाले आणि सायकल घेऊन पसार झाले. एस्तेरला, माझ्या नणंदेला विचारलं. कॉलेजात जाणारी चुरुचुरु बोलणारी पोरगी, तिनंही कानांवर हात ठेवले. "मला काही विचारू नकोस गं वहिनी, आईनं सक्त ताकीद दिलीय."

मी समजले, आपण सगळ्यांच्या देखत सासूबाईंची नाचक्की केली. घरच्या सुनेनंच घेतला म्हणजे दुसऱ्या कोणाला नको होता, हे जगजाहीर झालं. म्हटलं, ठीक आहे, आता भरपाई ओट्यावर करू.

रान गरम असताना कापायचं नाही, हा बोर्डिंगचा पहिला धडा. मी ते दुपारभर गार होऊ दिलं आणि संध्याकाळी चाकूला धार लावून घेतली. गार मांस पातळ कापलं जातं. पातेल्यात उतरलेला रस वेगळा काढला, वर गोठलेली चरबी एका वाटीत जपून ठेवली, आणि चरबीच्या पहिल्या चमच्यात उकडलेले बटाटे खरपूस परतले. ताटात बटाट्यांचा डोंगर, त्यावर रोस्टचे काप पंख्यासारखे पसरून आणि वरून रस.

नानांनी एक काप काट्यानं उचलून खिडकीसमोर धरला. "हन्ना, ह्यातून मला चर्चचा मनोरा दिसतोय."

"मग नाना, खाताना प्रार्थनाही होऊन जाईल," मी म्हणाले. नाना इतके हसले की सासूबाईंना पाण्याचा पेला पुढे करावा लागला. जेवण झाल्यावर त्या उठल्या, एक छोटा पितळी डबा घेतला, त्यात बटाटे आणि चांगले मऊ काप बघून भरले, पदराखाली धरला आणि बाहेर पडल्या.

"कुठं गेल्या?" मी विचारलं.

एस्तेरनं पुस्तकात तोंड घातलं. नानांनी ते खिडकीकडे वळवलं.

सोमवारी मी काठाकाठाचं मांस बारीक कापून, भरपूर कांदा, हिरवी मिरची आणि कोथिंबीर घालून परतलं आणि भाकरीबरोबर वाढलं. मंगळवारी हाड. रानाचं मधलं हाड बत्त्यानं फोडलं, भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण लावलं आणि पातेलंभर रस्सा केला. बाजरीची भाकरी कुस्करून वर तो रस्सा ओतला की मांसाची आठवणच येत नाही. रत्नाकरनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. "मटण कुठाय पण?" एस्तेर ताटात बोट फिरवत म्हणाली.

"तू आज फक्त वास घे. ते उद्या येणार आहे," मी म्हटलं. सासूबाईंच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते भाकरीच्या घासाआड दडपलं. आणि जेवण झाल्यावर पुन्हा तो डबा. रस्सा, त्यात हाडातून निघालेला सगळा मगज आणि वर झाकण.

त्या डब्यानं मात्र माझं डोकं फिरायला लागलं. मी हिशेब पाच ताटांचा करायची आणि रोज एक सहावं ताट चालत घराबाहेर जायचं, तेही साधंसुधं नाही, निवडून निवडून भरलेलं. बुधवारी मी कटलेट केले. उरलेल्या मांसाचा खिमा, त्याच्या तिप्पट बटाटा, शिळ्या पावाचा चुरा, पुदिना. दोन बाजूंनी चरबीत तळले, वरून कुरकुरीत, आत लोण्यासारखे मऊ. सासूबाईंनी सगळ्यांत गुबगुबीत चार उचलून डब्यात घातले. मला वाटलं, सासूबाई ते शेजारणीकडे नेऊन दाखवत असणार. 'बघा, बोर्डिंगवालीनं माझ्या रोस्टचं काय केलं.' त्या विचारानं मला रात्री झोप येईना. नवऱ्याला हलवून विचारलं, तर घोरण्याचं सोंग घेऊन पडून राहिले. खरं घोरतात तेव्हा असा तालात आवाज येत नाही.

गुरुवारी हरभऱ्याच्या डाळीत उरलासुरला खिमा घालून भागवला. शुक्रवारी सकाळी फडताळ उघडलं तेव्हा चरबीची वाटी होती, तळाशी चमचाभर रस होता आणि मांसाचे चार दोरे. शनिवार अजून उगवायचा होता. आईनं मिरजेहून येऊन पाहिलं असतं तर म्हणाली असती, पोरी, तुझं गणित कुठं चुकलं? आणि माझं गणित चुकलं नव्हतं! त्या डब्यानं मला हरवलं होतं. माझा संयम तिथंच संपला.

दुपारी सासूबाईंनी डबा विसळायला घेतला तशी मी पुढे झाले. "आई, एक विचारू? राग मानू नका. रोस्ट आज संपला. म्हणजे मी हरले, ते मला कबूल आहे. पण रोज एकाचं जेवण बाहेर गेलं नसतं तर उद्यापर्यंत पुरला असता. हरायचंच तर कोणामुळे हरले ते तरी कळू द्या. हा डबा जातो कुठं?"

सासूबाईंनी डबा पुसला, त्यात पोळी-भाजी भरली आणि म्हणाल्या, "चप्पल घाल. तिथं गेल्यावर मी बोलेन. तू हो ला हो म्हणायचं."

* * *

मिशन दवाखान्याच्या मागच्या आवारात, निवृत्त लोकांच्या बैठ्या खोल्यांपैकी शेवटच्या खोलीपुढे आम्ही थांबलो. दार उघडंच होतं. आत आरामखुर्चीत डॉक्टर आढावबाई बसल्या होत्या, पायाशी मांजर. नगरातली निम्मी ख्रिस्ती मंडळी या बाईंच्या हातावर जन्मली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं, आयुष्य दवाखान्यातच गेलं होतं.

"सगुणा आली! आणि ही कोण?"

"माझी सून, बाई. रत्नाकरची."

"रत्नाकर! पायाळू आला होता. अर्धा तास छळलं मला त्यानं." त्यांनी माझा हात हातात घेतला. हात लहान मुलाच्या हातासारखा मऊ होता. "ये, बस. आज काय आणलंस, सगुणा? माझा रोस्ट संपला वाटतं?"

"संपला, बाई. आज पोळी-भाजी."

"संपणारच. पण काय चालला यंदा!" बाई माझ्याकडे वळल्या, डोळे चमकत होते. "तुला ठाऊक आहे ना, हिचा रोस्ट दरवर्षी मीच घेते? किती वर्षं झाली, कोणाची हिंमत नाही माझ्यावर बोली लावायची. मी हात वर करेपर्यंत सगळं चर्च गप्प बसतं. यंदाही तसंच. मी हात वर केला आणि बर्नबास म्हणाला, दिला! तू होतीस ना तिथं? पाहिलंस ना?"

माझ्या कानशिलांवर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. गीतांच्या पुस्तकांत खाली घातलेल्या त्या माना, तो चष्मा पुसणारा, बर्नबासकाकांचा तो हळू आवाज, आणि पहिल्या बाकावरचं पांढरं डोकं. प्रार्थना कसली! बाईंचा डोळा लागला होता. आणि सगळं चर्च त्या जाग्या होण्याची वाट बघत बसलं होतं. फक्त मिरजेहून आलेली एक शहाणी सोडून.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हो, बाई," मी म्हणाले. "होते मी. पाहिलं."

"कसा दिला त्यानं! एका दमात!" बाई खूश होऊन हसल्या आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. "थांब, तुला रिकाम्या तोंडानं पाठवायची नाही." मांजर घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. आत भांडी वाजू लागली.

सासूबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "दोन वर्षं झाली, त्यांना कधी आठवतं, कधी नाही. मधेच झोपतात. आम्ही सगळे थांबतो. कितीही वेळ लागो, जाग्या होतात, हात वर करतात, मग बर्नबास देतो. लिलाव आटोपला की मी रोस्ट इथं आणून देते."

"मला का नाही सांगितलंत, आई?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? रडत धावत आली असतीस माफी मागायला. आली असतीस की नाही?" मी मान हलवली. आलेच असते. "मग बाईंना कळलं असतं, की आपण झोपलो आणि आपल्याला काही कळलं नाही. डॉक्टर आहेत त्या, हन्ना. त्याचा अर्थ त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "रविवारी घरी जाताना त्या नेहमीसारखं पैशांचं पाकीट पाळकसाहेबांच्या हातात देऊन गेल्या. रोस्ट आपणच घेतला, असंच बाईंना वाटत होतं. चर्चला एका रानाचे दोनदा पैसे मिळाले. पाळकसाहेब कौलं बसवतायत."

"मग सगळा रोस्ट त्याच दिवशी इकडे आणायचा होता की!"

"आणि शनिवारपर्यंत आपण काय हवा खायची? उसनं मी मागत नाही." त्या थांबल्या. "त्यांना म्हटलं, बाई, यंदा तुमच्या दातांना जपायचं म्हणून मी रोज थोडा थोडा वेगळा करून आणते. तर बाई म्हणतात, इतकी वर्षं मी वेडी, थंड रोस्ट पावात घालून खात होते, राहिलेला मांजराला. मंगळवारचा रस्सा वाटी चाटून खाल्ला त्यांनी."

आतून पावलं आली तशा त्या झटकन सरळ बसल्या. बाईंच्या हातात बशी होती, बशीवर जाळीचं झाकण. त्यांनी ते मोठ्या ऐटीत उचललं. आत बुधवारचा एक कटलेट होता.

"हा शेवटचा. माझ्यासाठी ठेवला होता, पण तू पाहुणी आहेस. खा. माझा रोस्ट आहे हा, मी लिलावात घेतलेला."

तो कटलेट माझ्याच हातानं वळलेला. रान आमच्याच घरचं, पैसे आमच्याच पाकिटातले. तरी त्या बशीतून तो उचलताना मला पहिल्यांदाच जाणवलं, की कोणी आपल्याला काहीतरी मौल्यवान देतंय. मी तोडून अर्धा बाईंना देऊ केला. त्यांनी हात मागे घेतला. मग मी खाल्ला. दोन दिवसांचा होता, तरी आतून मऊ होता.

"कसा आहे?"

"फार छान, बाई. तुमचा रोस्ट म्हटल्यावर चांगलाच असणार."

बाई समाधानानं खुर्चीत बसल्या. मांजर त्यांच्या मांडीवर चढलं. त्याच्या पाठीवर हात फिरवता फिरवता त्यांची नजर खिडकीबाहेर गेली आणि थोड्या वेळानं परत आली ती वेगळीच होऊन आली. त्या आमच्या दोघींकडे बघून हसल्या, जणू आम्ही आत्ताच दारातून आलो होतो.

"काय गं सगुणा, एकटीच राबतेस अजून? तुझ्या रत्नाकरचं लग्न झालं की नाही? सून कधी आणतेस घरात?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यांनी पदर सारखा केला, मांडी बदलली आणि शेजारच्या बाईकडे गाऱ्हाणं घालावं तशा सुरात बोलायला लागल्या.

"आली की, बाई. आली सून. आणि आली म्हणजे काय, सगळं घरच तिच्या हातात गेलं. स्वयंपाक तीच करते. आज काय शिजणार, कोणाला किती वाढायचं, सगळं तीच ठरवते. बोर्डिंगवाल्या बाईची मुलगी, कोणाला ऐकतेय! मला आता त्या घरात कोण विचारतंय?"

"अरेरे," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी सहानुभूतीनं सासूबाईंचा हात थोपटला. "सुना अशाच असतात, सगुणा. सहन कर."

"करतेय, बाई," सासूबाई म्हणाल्या.

माझ्यापुढच्या बशीत कटलेटचा चुरा तेवढा उरला होता, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मिरची लागली असं समजून डॉक्टरबाईंनी मला पाणी दिलं आणि ह्या पाहुणीसाठी तरी जपून कर म्हणावं तुझ्या सुनेला, तिखट फार घालते, असं सासूबाईंना बजावलं. "सांगते," सासूबाई म्हणाल्या, "पण ती काही माझं ऐकायची नाही."